थंडीचे पूर्वानुमान : सिंधुदुर्ग किनारपट्टी

हंगामाच्या सुरुवातीस, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सिंधुदुर्ग जिल्ह्यात रात्रीचे तापमान केव्हा व किती उतरेल याचा अंदाज. या जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. राज्यात गोठणाची चिन्हे दिसतात ती महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात, एखाद्या कडाक्याच्या पहाटे दवबिंदू गोठून. मालवण-देवगडकडे प्रश्न काही अंशांचाच असतो. मात्र हापूसचा मोहोर त्या अंशांवर ठरत असल्याने बागायतदारांचे लक्ष या अंदाजाकडे लागलेले असते.

कारणे : ऑक्टोबरमध्ये मॉन्सून परतल्यावर काही काळ उकाडा राहतो. पुढे उत्तरेकडचे कोरडे वारे स्थिरावले की आकाश निरभ्र होते, जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि पारा उतरतो. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ देऊन पुढे सरकल्यावर हे वारे जोर धरतात. म्हणून उत्तरेतील घडामोडींवरून कोकणातील गारव्याची चाहूल काही दिवस आधी लागते. मात्र घाटावरची थंड हवा सह्याद्री उतरताना दाबली जाऊन तापते आणि समुद्र किनाऱ्याला ऊब देतो. त्यामुळे देशावरची थंडी येथे तितक्या तीव्रतेने पोहोचत नाही.

अडथळे : अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की ढग व बाष्प येऊन रात्री उबदार होतात. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ‘ओखी’ चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे गेले, तेव्हा ऐन थंडीच्या तोंडावर कोकणात पाऊस झाला.

स्थानिक फरक : रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दिवसा खारे वारे उलट येतात. खाऱ्या वाऱ्यांचा प्रभाव आत कमी होत जातो. त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीच्या सखल भागात पहाटेचा गारठा मालवण-वेंगुर्ल्यापेक्षा अधिक असतो. आंबोलीत उंचीमुळे तो आणखी वाढतो. जिल्ह्यासाठी दिलेला एकच आकडा म्हणूनच सर्वत्र सारखा लागू पडत नाही.

यंत्रणा व निकष : भारतीय हवामान विभागाचे मुंबईतील प्रादेशिक केंद्र जिल्हावार अंदाज देते. ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी व शुक्रवारी पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला मिळतो, सिंधुदुर्गासाठी हे काम मुळदे (ता. कुडाळ) येथील केंद्र करते. किनारी ठिकाणी किमान तापमान १५ अं. से. किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट मानता येते. मैदानी भागासाठी पहिली मर्यादा १० अंशांची आहे. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या अंदाज-प्रणालीने ज्या जाळीवर अंदाज काढला जातो तिचा चौकोन १२ किमी.वरून ६ किमी.वर आणला. किनारा व घाट यांत थोडेच अंतर असलेल्या या जिल्ह्याला त्याचे विशेष महत्त्व आहे.

आंब्याशी संबंध : मोहोरासाठी जून झालेली पालवी, जमिनीतील ओल कमी होणे आणि थंड रात्री या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. पाऊस लांबला, तर उशिरा पालवी फुटते. ती कोवळी असताना आलेली थंडी वाया जाते. थंडी लांबल्यास मोहोरात नर फुले वाढतात आणि फळधारणा झालेल्या फांदीवरही पुन्हा मोहोर येऊन लहान फळे गळतात. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे व भुरीचा धोका असतो. म्हणून बागायतदाराला किमान तापमानाबरोबर ढग, आर्द्रता आणि थंडी किती दिवस टिकेल हेही कळावे लागते. फवारणीची वेळ त्यावरून ठरते.