सोळा कौलं

रविवार, १६ मे २०२१, सकाळी ८. तीस तास आधी.

पूर्वेला टॉवर उभा राहिल्यापासून ठाण्याच्या कोलशेत गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लागतो. लॉकडाऊनमुळे कौलं चाळणारे आपापल्या गावी गेलेले. एखादं काचेचं कौल आणून बसवलं असतं तरी भागलं असतं, पण मला खिडकीएवढा उजेड हवा होता. कुणाच्या तरी मांडवातून उरलेला फायबरचा पत्रा कापून घेतला, तीन फूट बाय चार.

सकाळी १०. अठ्ठावीस तास आधी.

सोळा कौलं उतरवून मागच्या भिंतीशी रचली. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास. म्हणजे पाखावरचं चाळीसेक किलो ओझं मी काढलं आणि तिथं दोन किलोचा पत्रा ठेवणार होतो. मंगळूरला बासल मिशननं १८६५ साली ही कौलं पाडायला घेतली. तेव्हापासून त्यांचं तंत्र एकच: खाचेत खाच बसवायची, बाकी सगळं वजनावर सोडायचं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी उजेडाच्या आड येतात म्हणून मी मधल्या तीन रिपाही कापल्या.

सकाळी ११.

पत्र्याची वरची कड कौलांखाली सरकवायची असते आणि खालची कड कौलांवर सोडायची, म्हणजे पाणी वरून वरून निघून जातं. वरची कौलं उचलायचा मला कंटाळा आला. पत्रा सरळ वर ठेवला आणि कडेनं एमसील थापलं. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचे. मी मारले खोलगटात, तिथं ड्रिल घसरत नाही म्हणून. रबरी वायसर नव्हते, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या. त्या मात्र छान जमल्या.

खालून शेजारच्या काकांनी विचारलं, "वरची कड आत घातलीस ना रे?"

"हो काका."

दुपारी १२.३५. साडेपंचवीस तास आधी.

ठाण्यातला शून्य सावलीचा दिवस, सूर्य नेमका डोक्यावर. ढग जरा बाजूला झाले आणि चुलीच्या ओट्यापुढं उन्हाचा लख्ख चौकोन पडला. आईनं काही न बोलता तांदळाचं ताट त्यात सरकवलं आणि खडे निवडायला बसली. तिच्या हातावरच्या नसा मला कितीतरी वर्षांनी नीट दिसल्या.

रात्री ९. सतरा तास आधी.

गोव्याला झोडपून तौक्ते चक्रीवादळ वर सरकतंय, अशी बातमी. नाव म्यानमारचं, अर्थ पाल. आमची पाल तेव्हा नव्या पत्र्याखाली बसली होती.

सोमवार, १७ मे, पहाटे ५. नऊ तास आधी.

टप्. खोलगटातल्या स्क्रूवर पाणी साठून ट्यूबच्या चकतीखालून आत येत होतं. पातेलं ठेवलं. सहाला परात ठेवली.

सकाळी ११. तीन तास आधी.

मुंबईचा विमानतळ बंद. एमसीलची पट्टी सुटून कडेनं फडफडत होती. काका दाराशी येऊन वर बघत उभे राहिले. "आत नाही घातलीस," एवढंच म्हणाले आणि दोर आणायला गेले.

दुपारी १.३०. अर्धा तास आधी.

खाडीकडून येणारा वारा पत्र्याच्या कडेखाली शिरून त्याला फुगवी, सोडी, पुन्हा फुगवी. कापलेल्या रिपांच्या टोकांवरची कौलं प्रत्येक हिसक्यासरशी खडखडत होती. मी आईला ओसरीवर नेऊन बसवलं.

दुपारी २.

त्या दुपारी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला. आमच्याकडं किती होता कोण जाणे. स्क्रू करकरले, पत्रा उभा राहिला आणि गेला. भोकाच्या वरच्या रांगेचा आधार आधीच गेला होता. ती रांग घसरली, तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. कौलं ओट्यावर, शेगडीवर, ताटावर फुटत होती. मग पाऊस सरळ आत.

मंगळवार, सकाळी ७.

पत्रा तिवरांत सापडला, धड. भिंतीशी रचलेली सोळा कौलंही तशीच होती, एकालाही तडा नाही. काका रिपा घेऊन शिडीवर चढले, खिळे ठोकले आणि खाली हात केला. मी पहिलं कौल वर दिलं.