शनवारवाड्यांतील हांक

पुण्याच्या शनवारवाड्यांत रात्रीच्या वेळीं एका मुलाची आर्त हांक ऐकूं येते, ‘काका, मला वांचवा!’, अशी समजूत महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोणी पौर्णिमेची रात्र सांगतो, कोणी अमावास्येची. हांकेचे शब्द मात्र सर्वांचे सारखेच. ज्यांनीं पुणें कधीं पाहिलें नाहीं त्यांनाही ते ठाऊक असतात. गोदावरीच्या खोऱ्यांतील पूर्णा हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें; पेशवाईचा अभिमान वा लाज बाळगण्याचें तेथें कांहीं कारण नव्हतें. तरी तेथील मुलेंही ही गोष्ट ऐकतच मोठीं झालीं, आणि कोणी निरोपांत फिरवाफिरव केली कीं ‘त्यानें ध चा मा केला’ असें तेथील बाजारांतही म्हणतात.

हांक आणि म्हण, दोन्ही एकाच खुनांतून निघाल्या. परंतु दोघींची साक्ष एक नाहीं. हांक काकांचें नांव घेते. म्हण काकूंकडे बोट दाखविते. भूत खरें कीं खोटें हा वाद ज्यांना आवडतो त्यांनीं खुशाल घालावा. या दोन साक्षींपैकीं कोणती खरी, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले आणि त्यांचे धाकटे बंधु नारायणराव गादीवर आले. वय अवघें सतरा. स्वभाव उतावळा, जीभ तिखट. जुन्या माणसांचीं मनें त्यांनीं थोड्याच महिन्यांत दुखविलीं. चुलते रघुनाथराव हे वाड्यांतच नजरकैदेंत होते. अटकेपर्यंत घोडी नेणारा पुरुष पुतण्याच्या पहाऱ्यांत दिवस मोजीत बसला होता, हें विसरून त्या प्रकरणाचा विचार करतां येत नाहीं. गारद्यांचे पगार थकले होते. असंतोषाचीं अशीं दोन टोकें एकाच वाड्यांत असतां तीं जुळविणारा मध्यस्थ मिळण्यास वेळ लागत नाहीं. तुळाजी पवार नांवाचा एक खिजमतगार तो झाला.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. सकाळीं नारायणराव पर्वतीस जाऊन आले. वाड्यांत कांहीं दगा शिजत आहे अशी सूचना रघूजी आंग्र्यांनीं त्यांना दिली होती आणि बंदोबस्त करण्यास त्यांनीं हरिपंत फडक्यांस सांगितलेंही होतें. हरिपंत जेवावयास गेले. बंदोबस्त जेवणानंतर व्हावयाचा होता. दुपारीं सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसाफ यांचे गारदी पगाराचा गलका करीत आंत शिरले. वाटेंत जो आला तो कापला गेला. एक गाय देखील त्यांतून सुटली नाहीं. नारायणराव धांवत सुटले ते थेट काकांच्या दालनांत. त्यांनीं काकांस मिठी मारली. ती मिठी तुळाजीनें सोडविली असें बखरी सांगतात. चापाजी टिळेकर नांवाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. त्याच्यासह नारायणराव तोडले गेले. नुकतेंच त्यांना अठरावें वर्ष पुरें झालें होतें. चापाजीचें भूत कोणास दिसत नाहीं, त्याची हांकही कोणी ऐकत नाहीं. लोककथेला सेवकाची आठवण सहसा राहत नाहीं.

आतां म्हणीची साक्ष घेऊं. रघुनाथरावांनीं गारद्यांस ‘नारायणरावास धरावें’ असें लिहून दिलें होतें आणि आनंदीबाईंनीं त्यांतील ‘ध’ चा ‘मा’ केला, म्हणजे ‘धरावें’ चें ‘मारावें’ झालें, अशी ही कथा. ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत हा फेरफार आनंदीबाईंनीं केला असा सर्वसाधारण समज असल्याचें नमूद केलें. समज तो समजच. परंतु एकदां छापला गेला, मग नाटकांत आला, बोलपटांत आला, आणि शेवटीं व्याकरणाच्या पुस्तकांत वाक्प्रचार होऊन बसला. मराठी मूल इतिहास शिकण्यापूर्वींच या बाईला दोषी ठरवून मोकळें होतें.

येथें एकच प्रश्न विचारावा. आपण धरण्याचा हुकूम दिला आणि चाकरांनीं पुतण्याचा जीव घेतला, असें खरोखरच घडलें असतें, तर घराचा कर्ता पुरुष दुसऱ्या दिवशीं काय करील? मारेकऱ्यांना साखळदंड घालील. रघुनाथरावांनीं तसें कांहींच केलें नाहीं. त्यांची सत्ता होती तोंवर एकाही गारद्यास शासन झालें नाहीं. उलट त्याच गारद्यांच्या बळावर ते पुण्यांत बसले आणि पेशवाईचीं वस्त्रें त्यांनीं मिळविलीं. अक्षर कोणीही बदललेलें असो, बदललेल्या अक्षराचें फळ रघुनाथरावांनीं मुकाट्यानें स्वीकारलें.

रामशास्त्री प्रभुण्यांना हें दिसलें. न्यायाधीशाच्या अधिकारानें त्यांनीं चौकशी केली. तिचा रोख गारद्यांवरून वर चढत खुद्द नव्या धन्यापर्यंत पोंचला. या पातकाला प्रायश्चित्त काय, असें विचारल्यावर शास्त्रीबुवांनीं ‘देहांत’ असें उत्तर दिलें, अशी परंपरा आहे. नंतर तुमच्या राज्यांत राहणें नाहीं म्हणून ते पुणें सोडून गेले आणि रघुनाथरावांची सत्ता उलटेपर्यंत परतले नाहींत. १९४४ सालच्या ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ बोलपटांत गजानन जागीरदारांनीं हा पुरुष उभा केला, तो पाहिलेले वृद्ध अगदीं अलीकडेपर्यंत त्याविषयीं भरभरून बोलत. लक्षांत ठेवण्यासारखें इतकेंच कीं, शास्त्र्यांच्या निकालाचा रोख काकांवर आहे. हांकेचाही तोच.

निकाल लागला; तो अमलांत आणणारा मात्र कोणी नव्हता. भुतें बहुधा अशाच जागीं वस्ती करतात. याचें एक बोलकें उदाहरण दूर कोरिया देशांत आहे. तेथें चांगह्वा आणि होंगन्योन या दोन बहिणींची जुनी कथा प्रसिद्ध आहे. सावत्र आईनें खोटा आळ घेऊन थोरलीस तळ्यांत बुडविविलें. धाकटीही त्याच तळ्यांत गेली. पुढें त्या गांवीं जो नवा अधिकारी येई, त्याच्यापुढें रात्रीं या मुली उभ्या राहत, आणि तो भीतीनें प्राण सोडी. अखेर एक धीराचा अधिकारी आला. त्यानें न भितां गाऱ्हाणें ऐकून घेतलें, चौकशी केली, सावत्र आईस देहांत शिक्षा दिली, आणि भुतें निवालीं. त्यांना सूड हवा होता, पण तो कचेरीच्या दारांतून हवा होता. बाप मात्र फसला होता म्हणून सुटला! हें वाचतांना मराठी वाचकाला ‘ध चा मा’ आठवल्यावांचून राहत नाहीं. घरांत कर्ता पुरुष बसलेला असतो, त्याच्या डोळ्यांदेखत अनर्थ होतो, आणि दोष चुलीपाशीं असलेल्या बाईच्या पदरीं पडतो.

याच कथेवर किम जी-वून या दिग्दर्शकानें २००३ सालीं एक भयपट काढला आणि तो जगभर गाजला. त्यानें जुना न्याय उलथून टाकला. तेथें थोरली बहीण वांचते. धाकटी जीव सोडीत असतां आपण घराबाहेर निघून गेलों, हें शल्य तिला पुढें वेड लावतें. जी छळणारी सावत्र आई आपण पाहत आहों असें प्रेक्षकाला वाटतें, ती बरीचशी या मुलीच्याच मनांतली निघते. सावत्र आईही अगदीं निर्दोष नाहीं. तिला कळलें असून ती परतली नाहीं. बाप मुकाट्यानें घरांत वावरतो. मिठी मारलेली असतां हात न हालविणाऱ्या काकांचें चित्र याहून फारसें निराळें नाहीं.

रघुनाथरावांना कचेरी भेटली नाहीं. बारभाईंनीं कारभार हातीं घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला आणि काकांची गादी गेली. मग ते इंग्रजांकडे धांवले. १७७५ चा सुरतेचा तह त्यांतून झाला, आणि त्या तहांतून सात वर्षांचें युद्ध. एका खुनाला पांघरूण घालण्यासाठीं साष्टी व वसई देऊं करण्यांत आलीं, ही किंमत बखरींतल्या कोणत्याही पिशाच्चानें मागितली नसती. महंमद इसाफ १७७५ सालीं सांपडला व मारला गेला. खरकसिंग आणि तुळाजी हैदराच्या आश्रयास गेले होते, तेथून त्यांना परत मिळवून पुणें दरबारानें देहांत शिक्षा दिली. हत्यारांना शिक्षा झाली. हात मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहान्वयें दरमहा पंचवीस हजार रुपयांचा नेमणूकदार होऊन कोपरगांवास गोदेकांठीं राहिला, आणि ११ डिसेंबर १७८३ रोजीं तेथेंच वारला. तीच गोदावरी पुढें पूर्णा तालुक्यांत पूर्णा नदीला भेटते.

आनंदीबाई १७९४ पर्यंत जगल्या, पतीमागें सुमारें दहा वर्षें पुणें दरबारच्या नजरेखालीं. त्यांच्यावर कोणत्याही न्यायाधीशानें निकाल दिलेला नाहीं. तो लोकांनींच दिला आणि दोन शतकांहून अधिक काळ रोज अमलांत आणला जात आहे.

ज्या दालनांत ती मिठी पडली तें दालनही आतां नाहीं. १८२८ सालच्या आगींत वाड्याच्या आंतल्या इमारती जळून गेल्या. तट, दिल्ली दरवाजा आणि जोतीं तेवढीं राहिलीं. दिवसां तेथें शाळांच्या सहली येतात. काकांची खोली कोठें होती असें मुलें विचारतात, आणि कोणीतरी मोकळ्या जोत्याकडे हात करून दाखवितो.