अनीती आणि नीतिनिरपेक्षता : दोन खटल्यांच्या निमित्ताने

'अनैतिक' आणि 'नीतिनिरपेक्ष' या संज्ञांमधील भेद तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला परिचित असतो. व्यवहारात मात्र तो क्वचितच पाळला जातो. अनैतिक कृती नीतीचा नियम मोडते आणि मोडतानाच त्याचे अस्तित्व मान्य करते. नीतिनिरपेक्ष गोष्टीला तो नियम लागूच होत नाही. भूकंप क्रूर नसतो, तान्ह्या मुलाचे रडणे उद्धट नसते. अडचण निर्माण होते ती माणूस एखाद्या विषयाचा विचार करताना नैतिक निवाडा जाणीवपूर्वक बाजूला ठेवतो तेव्हा. नीती आणि अनीती यांखेरीजची ही तिसरी जागा मराठी विचारविश्वात कशी मागितली गेली, हे विसाव्या शतकातील दोन खटल्यांवरून पाहता येते.

पहिले उदाहरण र. धों. कर्वे यांचे. ते गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना नोकरीस मुकावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. कामव्यवहाराकडे भूक, झोप यांसारखी शारीर बाब म्हणून पाहावे आणि दुसऱ्याचे नुकसान होत असेल तेथेच नीतीचा प्रश्न उपस्थित करावा, अशी त्यांची भूमिका होती. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही शिक्षा टळली नाही. १८६८ च्या एका इंग्लिश निवाड्यापासून चालत आलेली अश्लीलतेची कसोटी, मजकुराने वाचकाचे मन बिघडण्याचा संभव आहे काय, एवढेच विचारत होती. ज्ञान देणाऱ्या मजकुराला सुनीती आणि अनीती यांबाहेर काही स्थान असू शकते, हे त्या कसोटीला कळणे शक्यच नव्हते.

दुसरे उदाहरण बा. सी. मर्ढेकर यांचे. 'काही कविता' हा संग्रह १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. येथे मागणी ज्ञानाची नसून कलेची होती. फडके-खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेल्या कलावाद-जीवनवाद या वादात रंजन की उद्बोधन, हाच प्रश्न होता. म्हणजे दोन्ही पक्ष अखेर वाचकावरील परिणामच मोजत होते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील सौंदर्यविचारात प्रश्नाची जागाच बदलली. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीची संघटना होते. आशयाची नीतिमत्ता हा सौंदर्याचा निकष ठरू शकत नाही.

या दोघांच्या बाबतीत एक विसंगती मात्र नजरेत भरते. नीतीचा निवाडा बाजूला ठेवा असे म्हणणाऱ्या कर्व्यांच्या लेखनामागे लादलेल्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रियांविषयीची तळमळ होती. सौंदर्यमूल्य स्वायत्त मानणाऱ्या मर्ढेकरांच्या कवितेत यंत्रयुगातील माणसाच्या अवमूल्यनाची वेदना आहे. त्यामुळे त्यांना नीतिशून्य म्हणणे जितके चूक, तितकेच त्यांच्या नावे नीतीला कायमची रजा देणेही चूक. त्यांची नीतिनिरपेक्षता ही पद्धती होती : प्रश्न नीट दिसावा म्हणून निवाडा काही काळ स्थगित ठेवण्याची शिस्त. स्थगिती म्हणजे माफी नव्हे.

याहून वेगळी, वृत्ती म्हणून असलेली नीतिनिरपेक्षता दैनंदिन जीवनात आढळते. समोरची विधवा तिसऱ्यांदा हेलपाटा घालते आहे हे पाहूनही 'कागद अपुरे आहेत, माझा काय संबंध?' असे म्हणणारा लेखनिक कोणताही नियम मोडत नाही. तो खोटे बोलत नाही, लाच घेत नाही. त्याच्या मनात नैतिक प्रश्न उद्भवतच नाही, एवढेच. हा मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभा राहत नाही; उलट सज्जन म्हणून निवृत्त होतो.

समीक्षेलाही हा भेद विसरता येणार नाही. कलाकृतीचे रूप न्याहाळताना नीतीचा निवाडा थांबविण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. पण तो कोठे थांबविला आणि पुन्हा कोठे हाती घेतला, हे सांगण्याची जबाबदारी त्या अधिकाराबरोबरच येते. ती टाळली, तर स्वायत्ततेची भाषा बोलणारा समीक्षक आणि 'माझा काय संबंध?' विचारणारा लेखनिक यांत फारसे अंतर उरत नाही.