न दुखणारा चट्टा



२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे, किरकटवाडी आणि नांदेड गावाच्या बाजूला जीबीएसची साथ आली होती, ती आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. आधी पायाला मुंग्या, मग पायातलं बळ जायचं, मग हातातलं. दोनशेहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या दिवसांत आपल्या मुळशीतही पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नव्हतं आणि पायाला जरा मुंग्या आल्या तरी माणसं दवाखाना गाठत होती. ते बरोबरच होतं, कारण तो आजार दिवसांच्या हिशोबाने वाढतो.

मज्जातंतूंचा दुसरा एक आजार आहे, तो वर्षांच्या हिशोबाने वाढतो. त्यात दुखत नाही, खाजत नाही, तापही येत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी धावत नाही. तो म्हणजे कुष्ठरोग. आमच्या बचत गटांच्या बैठकीत आम्ही विचारलं, की कुष्ठरोग कसा ओळखायचा? बहुतेकींचं उत्तर एकच: "बोटं झडतात की!" हे उत्तर आलं कुठून, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

जुनी माणसं या आजाराला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. गेल्या जन्मीचं पाप म्हणत. या सगळ्या नावांत भीती आहे, पण ओळखण्याची खूण एकातही नाही. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली या रोगाचे जंतू पाहिले, म्हणजे पाप नव्हे तर जंतू, हे दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं सरकार आणि समाज दोघांनीही हा रोग जखमांवरूनच ओळखला.

मुंबईत महापालिकेचे आयुक्त अ‍ॅकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. (हेच अ‍ॅकवर्थसाहेब मराठी पोवाडे गोळा करणारे. शाळिग्रामांबरोबर त्यांनी पोवाड्यांचं पुस्तकही काढलं. माणूस रसिक होता.) आज वडाळ्याला त्यांच्या नावाचं महापालिकेचं कुष्ठरुग्णालय आहे. आश्रमात निवारा आणि अन्न मिळालं हे खरं, पण रस्त्यावरचे कुष्ठरोगी शहराच्या नजरेआड करणं हाही त्यामागचा हेतू होता.

मग १८९८ चा कायदा आला. मूळ कायद्यात कुष्ठरोगी कोण, तर ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे तो. भीक मागणारा असा माणूस पोलिसाला दिसला, तर वॉरंटशिवाय पकडायची मुभा होती. कुष्ठरुग्णाला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला, खाण्याचे पदार्थ करून विकायला बंदी घालता येत होती. म्हणजे ओळखणारा कोण? पोलीस. आणि केव्हा? व्रण पडल्यावर. विहीर बंद होणं म्हणजे काय, ते डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. अशा वेळी चट्टा दिसला तर तो पदराखाली झाकण्याशिवाय ती करणार तरी काय? हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. एकशे अठरा वर्षं तो पुस्तकात होता.

आता बोटांचं. या रोगाचे जंतू अंगाच्या थंड भागात रमतात आणि कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत शिरतात. कोपराच्या आतल्या बाजूला ठोसा लागला की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ना, तो तंतू. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तंतू. डोळ्याची पापणी मिटवणारा तंतू. हे सगळं इतकं सावकाश चालतं, की पहिली खूण दिसायला पाच वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. तंतू निकामी झाला की तिथलं कळणं जातं.

वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद होते. १९४८ पासून त्यांनी कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात शस्त्रक्रियेने सरळ केले. त्यांच्या लक्षात आलं, की रोग बोटं खात नाही. ज्याला चटका कळत नाही तो तापलेलं भांडं धरून ठेवतो. ज्याला काटा कळत नाही तो तसाच चालत राहतो. काहींची बोटं तर रात्री झोपेत उंदीर कुरतडायचे आणि त्यांना जाग यायची नाही. आपल्याला नकोशी वाटणारी वेदना ही खरं तर राखण करणारी असते. ती गेली की जखम चिघळते, हाड सडतं, आणि मग लोक म्हणतात बोटं झडली. म्हणजे आपण जिला पहिली खूण समजतो, ती शेवटची आहे.

या रोगाकडे पाहण्याची नजर बदलली ती आपल्या महाराष्ट्रात, आणि मुख्यतः विदर्भात. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. बाबा आमटे आणि साधनाताईंचं आनंदवन तुम्हाला माहीतच आहे. पण एक नाव फारसं कुणी घेत नाही, ते डॉ. वारदेकरांचं. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. तिथे वारदेकरांनी उलटी पद्धत बसवली. रोग्याने आश्रमात यायचं नाही, कार्यकर्त्याने गावोगाव, घरोघर जायचं: पाहणी करायची, लोकांना समजावायचं, आणि गोळ्या घरीच द्यायच्या. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने हीच वाट धरली. आमच्या मते आनंदवनाइतकंच हे काम मोठं आहे. फक्त त्याला वास्तू नाही, म्हणून पाहायला कुणी जात नाही.

यात एक अडचण राहिली. पाहणीला येणारा बहुधा पुरुष. त्याच्यासमोर बाई पाठ कशी उघडी करणार? चेहरा आणि हात दाखवून ती मोकळी. ही गाठ सुटायला मदत झाली ती डॉ. नोशीर अंटिया यांच्यासारख्या माणसांमुळे. ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन. कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयातही त्यांनी काम केलं होतं. पुढे अलिबागजवळच्या मांडवा भागात त्यांनी गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. क्षय आणि कुष्ठरोग यांत या बायकांचा उपयोग डॉक्टरांइतकाच, कधी जास्तच होतो, असं हा मोठा सर्जन उघडपणे सांगत असे. आपल्या जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागातही त्यांच्या संस्थेने हेच काम केलं. आज दारात येणाऱ्या आशाताईंच्या मागे असा इतिहास आहे.

औषधाचं थोडक्यात सांगतो. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत सांगितली. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील तर बारा. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात, आणि सुरू केल्यावर लवकरच रोग्यापासून इतरांना लागण होणं थांबतं. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. लोकांनी त्याचा अर्थ 'रोग संपला' असा घेतला. तो संपलेला नाही. अजूनही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

तर पहिली खूण कोणती? अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि तो बधिर. त्यावर घाम येत नाही, कधी लव गळते. डोळे मिटायला सांगून कापसाने हलकेच स्पर्श केला, तर कुठे लावला ते सांगता येत नाही. पांढरं कोड वेगळं. त्यात स्पर्श नीट कळतो, आणि त्याचा या रोगाशी काही संबंध नाही. त्या बिचाऱ्यांना उगाच वाळीत टाकू नका.

बाकीच्या खुणा आपल्या कामातच दिसतात. भाकरी थापताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागतं. तव्याचा चटका बसून फोड येतो, पण तो कधी आला ते आठवत नाही. इंद्रायणीच्या खाचरात दिवसभर वाकून घरी आल्यावर तळपायातला काटा दुसऱ्याच कुणाला दिसतो. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. झोपेत एक डोळा उघडाच राहतो. कानाच्या पाळ्या जाड होतात. औषध चालू असताना चट्टे एकदम लाल होऊन सुजले, कोपराची नस ठणकू लागली किंवा हातातलं बळ कमी झालं, तर मात्र जीबीएससारखीच घाई करायची, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. उशीर झाला तर तंतू कायमचा जातो.

बधिरपणा साखरेच्या आजारानेही येतो, जीवनसत्त्व कमी पडूनही येतो. म्हणून कुणाला नाव ठेवायचं काम आपलं नाही. आपण फक्त पाहायचं आणि दवाखान्यात पाठवायचं; ठरवणार डॉक्टर.

पाठीवरचा चट्टा तर ज्याचा त्याला दिसतच नाही. तो दिसतो सासूची पाठ चोळणाऱ्या सुनेला, लेकराला न्हाऊ घालणाऱ्या आईला. पण दिसला तरी बाई बोलत नव्हती, त्यालाही कारण होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. रोग पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही ते कित्येक वर्षं तसंच राहिलं. २०१९ मध्ये संसदेने या आणि आणखी चार कायद्यांतून ते काढून टाकलं. आता कुष्ठरोग झाला म्हणून नवऱ्याला बायको सोडता येत नाही. ही गोष्ट आम्ही गटात सांगितली, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "हे आधी सांगायचं, चट्ट्याचं नंतर." पुढच्या बैठकीपासून आम्ही तसंच सांगतो.