लैंगिक छळ-प्रतिबंध : अप-डाऊन करणाऱ्या विद्यार्थ्यांची महाविद्यालये

ज्या महाविद्यालयांतील बहुतेक विद्यार्थी रोज घरून ये-जा करतात, तेथे लैंगिक छळ व हिंसा रोखण्यासाठी योजले जाणारे उपाय. भारतातील संलग्न महाविद्यालयांत हेच चित्र सर्रास दिसते. साहजिकच धोका आवाराच्या भिंतीशी थांबत नाही. बसथांबा, रिक्षा आणि लोकलचा डबाही त्यात येतो.

कायद्याची चौकट : विशाखा खटल्याच्या निकालात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी तक्रार समिती नेमणे बंधनकारक केले, २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीवर धावत्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कृतिदलाने ‘सक्षम’ अहवाल दिला (२०१३), आणि पुढे आयोगाने २०१५ चे विनियम आणले.

या विनियमांत ‘आवार’ ऐसपैस आहे. संस्थेने ये-जा करण्यासाठी पुरवलेले वाहन, सहल, शिबिर, इंटर्नशिप, क्रीडास्पर्धा हे सारे त्यात मोडते. तक्रारी हाताळणाऱ्या अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी सदस्य बसतात. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना मात्र समितीत जागा नाही. तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. बाहेरच्या माणसाने आवारात त्रास दिला, तरी संस्थेला हात झटकता येत नाहीत.

प्रवासाची किंमत : अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. वाट अधिक सुरक्षित वाटत असेल, तर मुली गुणवत्तेत वरच्या २० टक्क्यांतले महाविद्यालय सोडून खालच्या निम्म्यातले पत्करायला तयार होतात, असे त्यांना आढळले. मुलांच्या बाबतीत ही तडजोड बरीच कमी होती.

उपाय : प्रात्यक्षिक लांबले, एसटी चुकली आणि मुलगी अंधारात फाट्यावर उभी राहिली, तर समितीचा फलक तिच्या कामाचा नसतो. तिथे वेळापत्रक उपयोगी पडते : शेवटचा तास गाडीच्या वेळेआधी सोडणे, आगाराकडे जादा फेरी मागणे, थांब्यावर दिवा लावून घेणे. उशिरापर्यंत ग्रंथालयात व प्रयोगशाळेत काम करता यावे म्हणून खात्रीची वाहतूक असावी, असे आयोगाचे विनियमही सांगतात. सुरक्षेच्या नावाखाली वसतिगृहातील मुलींवर वेगळे निर्बंध लादण्यास त्यांचा विरोध आहे.

मर्यादा : सार्वजनिक बसमधील अनोळखी माणसावर समिती कारवाई करू शकत नाही, ते काम पोलिसांचे. भारतीय न्याय संहितेत विनयभंग (कलम ७४), लैंगिक छळ (७५) आणि पाठलाग (७८) हे गुन्हे आहेत. घटना कोणत्याही हद्दीत घडली, तरी जवळच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, तर रेल्वेप्रवासात १३९ हे क्रमांक आहेत.