सहा संख्या आणि नागरी अक्षर

पैठण तालुक्यांतील पाचोड या गांवाचें नांव संगणकाच्या पडद्यावर नागरींत उमटलें आहे, अशी कल्पना करूं. तो शब्द तिरका, लांबट किंवा फिरलेला दाखवावयाचा तर वेबपृष्ठ रचणाऱ्याला सहा संख्या पुरतात. १, ०, ०, १, ०, ० लिहिल्यास शब्द जसाच्या तसा राहतो. तिसऱ्या स्थानीं उणें पाव घातल्यास उभे दंड सुमारें १४ अंशांनीं उजवीकडे कलतात, पण शिरोरेघा आडवीच राहते. दुसऱ्या स्थानीं पाव घातला तर मात्र शिरोरेघाच उताराला लागते.

जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळीं हें इतकें सोपें नव्हतें. अक्षराचा आकार बदलावयाचा म्हणजे नवा पोलादी ठसा कोरावयाचा, तो तांब्यांत ठोकून मातृका करावयाची आणि तींत शिसें ओतून खिळे पाडावयाचे. गंमत अशी कीं, या मातृकेला इंग्रजींत मॅट्रिक्स म्हणतात, आणि गणितांतील संख्यांच्या चौकटीलाहि तेंच नांव आहे. तें सिल्व्हेस्टर यांनीं १८५० सालीं योजलें. मूळ अर्थ गर्भाशय. आपण तिला आव्यूह म्हणतों. १८५८ सालीं केली यांनीं आव्यूहांचें बीजगणित मांडलें. त्यांत गुणाकाराचा क्रम बदलला तर उत्तरहि बदलूं शकतें.

हा क्रम नागरीला फार झोंबतो. शब्द आधीं दुप्पट रुंद करून मग ३० अंशांत फिरविला, तर दंड व शिरोरेघा यांमधील काटकोन टिकतो. आधीं फिरवून मग रुंद केला, तर तो मोडतो आणि पाचोडचा ‘प’ लंगडा दिसूं लागतो.

१९८४ सालच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेंत छपाईचें पान याच सहा संख्यांनीं मांडलें जाऊं लागलें. २००१ मध्यें त्या एसव्हीजी चित्रांच्या प्रमाणांत आल्या, आणि २००९ मध्यें सीएसएसच्या मसुद्यांत.

रोमन लिपींतील तिरक्या अक्षराची गोष्ट निराळी. व्हेनिसच्या आल्दुस यांच्या छापखान्यांत १५०१ च्या सुमारास तें हस्ताक्षरावरून स्वतंत्र कोरलें गेलें. सरळ अक्षर नुसतें वांकवून तें झालें नाहीं. नागरीला तशी परंपरा नाहीं. टंकांत तिरका प्रकार नसला कीं वाचनप्रणाली सरळ अक्षरच गणितानें कलवितें. म्हणून भर द्यावयाच्या शब्दाला ठळक टंक वापरावा, असें मला वाटतें. पाचोडच्या ‘ड’ला पूर्ण दंड नाहीं, कलविल्यावर तो तिरका न वाटतां नुसता चेपलेला वाटतो.