ठोक्यांचा हिशेब

गेल्या दिवाळीत बाबांना मनगटावरचा फिटनेस बँड दिला. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ते रोज सकाळी टेकडी चढतात. मुलगा संगणकवाला, म्हणजे घरात काहीतरी गॅजेट आणणार हे ओघानं आलंच. बँडनं त्यांचं वय विचारलं, मी ६१ टाकलं, आणि पडद्यावर आकडा आला: व्यायामात ठोके मिनिटाला १११ ते १३५ असावेत.

बाबा शिस्तीचे. बँड ९५ च्या पुढे जाईना, म्हणून ते वेग वाढवत राहिले. महिन्याभरानं एकदा अर्ध्या वाटेत दगडावर बसून राहिले. शेजारच्या काकांनी फोन केला म्हणून कळलं. सुदैवानं दम लागण्यापलीकडे काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र आम्हा दोघांना चांगलंच झापलं. बाबा बीटा ब्लॉकर घेतात. ती गोळी हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते. बँडला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि विचारायला त्याच्याकडे रकानाही नव्हता.

आता इंजिनिअर माणसाची पहिली प्रतिक्रिया काय, तर 'यंत्र बदलू'. अडीच हजारांच्या आत बरा हार्ट रेट मॉनिटर कुठला मिळतो, हे शोधायला एक विकांत काढला आणि भलतीकडेच पोचलो. खरेदी राहिली बाजूला, इतिहासच वाचत बसलो. त्यातलं काही इथे मांडतो.

आपल्याकडे नाडीपरीक्षा जुनीच. शार्ङ्गधरसंहितेत वाताची नाडी जळू किंवा सापासारखी चालते, कफाची हंसासारखी, असं वर्णन आहे. म्हणजे वैद्य नाडीची चाल बघत, ठोके मोजत नसत. युरोपातही गॅलनपासून तेच. मोजणार तरी कशानं? मिनिट दाखवणारं घड्याळच नव्हतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पादुआच्या सांतोरिओ सांतोरिओ या वैद्यानं (नाव खरंच असं आहे, चुकून दोनदा टाइप केलेलं नाही) दोरीला वजन बांधून लंबक केला. नाडीशी ताल जुळेपर्यंत दोरी लहानमोठी करायची आणि दोरीची लांबी नोंदवून ठेवायची. म्हणजे नाडी इंचात! हसू येतं, पण कल्पना सरस होती. कालचा रुग्ण आणि आजचा रुग्ण यांची तुलना पहिल्यांदाच आकड्यानं करता आली. पुढे १७०७ साली इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरनं नाडी मोजण्याच्या घड्याळावर पुस्तक लिहिलं. त्याचं खास घड्याळ बरोबर एक मिनिट चालून थांबायचं.

पण बोटांनी नाडी मोजणं आणि हृदयातली वीज मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज दुकानात दिसणारे दोन प्रकार तिथूनच फुटतात.

विजेची बाजू लंडनच्या ऑगस्टस वॉलरपासून सुरू होते. १८८७ मध्ये त्यानं माणसाच्या हृदयातली विद्युत हालचाल शरीर न उघडता, बाहेरूनच टिपली. त्याचा जिमी नावाचा बुलडॉग होता. प्रात्यक्षिकात जिमीचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून त्याचे ठोके दाखवले जात. १९०९ साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाल्यावर कुत्र्याचा छळ होतोय का, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत आला. समुद्रात पाय भिजवून उभं राहिल्यासारखंच ते आहे, अशा अर्थाचं उत्तर मंत्रिमहोदयांनी दिलं. लायडनचा विलेम आइंटहोवन या कामात पुढे गेला. त्याचं यंत्र साधारण २७० किलोचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत. यंत्र रुग्णालयात नेणं अशक्य, म्हणून १९०५ मध्ये त्यानं दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून ठोके प्रयोगशाळेत आणले. १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

इथे मला एकदम उलगडा झाला. छातीला बांधायच्या पट्ट्याबरोबरच्या कागदावर 'वापरण्यापूर्वी इलेक्ट्रोड ओले करा' असं का लिहितात? कोरडी कातडी वीज नीट वाहू देत नाही. जिमीची मिठाच्या पाण्याची परात आणि आपला घाम, काम एकच.

हे सगळं अंगावर घेऊन हिंडण्याचं श्रेय अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन हॉल्टरचं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं रेडिओनं ठोके पाठवणारं यंत्र पाठीवर बांधलं आणि व्यायामाच्या सायकलवर बसला. यंत्राचं वजन ३८ किलो! जिममध्ये 'पट्टा टोचतो' म्हणणाऱ्यांनी हा फोटो भिंतीवर लावावा. :-)

खेळाडूंच्या हाती हे आणलं फिनलंडनं. औलू विद्यापीठातल्या सेप्पो सायनायाकांगास या प्राध्यापकानं १९७७ मध्ये पोलर ही कंपनी काढली. बर्फात स्कीइंग करणाऱ्याला थांबून, हातमोजे काढून नाडी मोजायला लावणं म्हणजे शिक्षाच. १९८२ मध्ये त्यांचा 'स्पोर्ट टेस्टर पीई २०००' आला, छातीवर पट्टा आणि मनगटावर घड्याळ, मध्ये तार नाही. जुने पट्टे ५ किलोहर्ट्झवर नुसती स्पंदनं सोडायचे, त्यामुळे शेजारून धावणाऱ्याचे ठोके आपल्या घड्याळात यायचे. पुढे संकेत सांकेतिक झाले, आणि आता ब्लूटूथमुळे ती भानगडच राहिली नाही.

दुसरी बाजू प्रकाशाची. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आल्रिक हर्ट्झमननं कातडीवर प्रकाश टाकून रक्ताचं कमीजास्त होणं मोजलं. मनगटी बँडमागचा हिरवा दिवा तेच करतो. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं, ठोक्यागणिक रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश घटतो. शांत बसलेल्या माणसाचं गणित छान जमतं. पण हात हलला की रक्तही हलतं, बँडही हलतो, आणि चालण्याधावण्याला स्वतःचा ताल असतो. मग सॉफ्टवेअर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. मी स्वतः करून पाहिलं. सावकाश धावताना बँड १७२ दाखवत होता. थांबून लगेच गळ्याला बोटं लावून १५ सेकंद मोजले तर ३५, म्हणजे मिनिटाला १४०. माझी पावलं मोजली तर मिनिटाला १७० च्या आसपास. च्यायला!

मग बाबांची जुनी नोंद उघडली. ज्या चारपाच दिवशी बँडनं ११२-११५ दाखवून 'शाबास' म्हटलं होतं, ते दिवस सपाटीवर झपाझप चालण्याचे होते. झपाझप चालताना पावलंही साधारण तेवढीच पडतात. म्हणजे ते आकडे ठोक्यांचे होते की चपलांचे, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तर पट्टा घ्यायचा ठरलं. घेताना मी तीनच गोष्टी बघितल्या. ब्लूटूथचं सर्वमान्य हार्ट रेट प्रोफाइल हवं, म्हणजे कंपनीचं अ‍ॅप बंद पडलं तरी दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपला पट्टा ओळखू येतो. सेल घड्याळवाल्याकडे मिळणारा, गोल बटणासारखा हवा. आणि मॉड्यूल पट्ट्याला टिचबटणांनी लागणारं हवं, कारण आधी मरतो तो कापडी पट्टा, आतलं सर्किट नव्हे. पट्टा निम्म्याहून कमी पैशांत बदलता आला पाहिजे. कॅलरी, झोप, 'ताणतणाव निर्देशांक' वगैरे गोष्टींना मी शून्य गुण दिले. नावाजलेली कंपनी बजेटबाहेर होती, चिनी बनावटीचा पट्टा घेतला. बोटांनी मोजलेल्या आकड्याशी पाच वेळा ताडून पाहिला, एकदोन ठोक्यांचा फरक.

पण मूळ १११ चं काय? तो आला '२२० वजा वय' या सूत्रातून. हे सूत्र फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१ च्या लेखातून पसरलं. तेही कुठला मोठा प्रयोग करून काढलेलं नव्हतं, तर हाताशी असलेल्या वेगवेगळ्या अभ्यासांच्या ठिपक्यांतून मारलेली ढोबळ रेघ होती. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' असं सुधारित सूत्र दिलं. पण दोन्ही सरासरीच. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहावीस ठोक्यांचा फरक सहज असतो. आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला तर दोन्ही सूत्रं लागूच नाहीत. आम्ही ऑफिसात असल्या आकड्याला 'हार्डकोड केलेला' म्हणतो आणि कोड रिव्ह्यूत परत पाठवतो. इथे मात्र तो वडिलांच्या मनगटावर बिनदिक्कत बांधला.

डॉक्टरांनी बाबांची मर्यादा त्यांच्याच स्ट्रेस टेस्टवरून, गोळी चालू असताना काढून दिली. शिवाय एक तक्ता दिला, गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता मेलो. असे विचित्र आकडे अशासाठी, की दहानं गुणलं की निरोगी माणसाचे ठोके साधारण निघावेत. बाबांच्या बाबतीत तो गुणाकार चालत नाही, पण दम किती लागला हे सांगायला गोळी आड येत नाही.

आता रविवारी आम्ही दोघं टेकडीवर जातो. पट्टा बाबांच्या छातीला, फोन माझ्या खिशात. आकडा मी त्यांना सांगत नाही. वळणावर थांबून विचारतो, "बाबा, किती?"

"बारा," ते म्हणतात. फोनवर ९६ असतात. दोन्ही वहीत लिहितो आणि पुढे चालतो.